काठावरचे बळ आणि पाण्यातील वेग : जलतरणपटूंच्या जमिनीवरील शक्तिसरावाची चिकित्सा (लोणावळा-मावळ परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

जलतरण हा सर्वस्वी पाण्यातील क्रीडाप्रकार असला, तरी गेल्या शतकभरात जलतरणपटूच्या सरावाचा मोठा भाग पाण्याबाहेर, म्हणजे व्यायामशाळेत, मैदानावर अथवा तलावाच्या काठावर होऊ लागला आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्रशिक्षक रॉबर्ट किफुथ यांनी १९१७ ते १९५९ या काळात आपल्या जलतरणपटूंकडून कप्पीला लावलेली वजने ओढणे, मेडिसिन बॉल फेकणे, धड व खांदे यांचे व्यायाम असा जमिनीवरील सराव नियमाने करून घेतला व त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यानंतर इंडियाना विद्यापीठाच्या जेम्स काउन्सिलमन यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथातून जलतरणाला यंत्रशास्त्राच्या चौकटीत बसविले. आज शालेय पातळीवरील प्रशिक्षकसुद्धा 'ड्रायलँड' हा शब्द सहज वापरतो. मराठीत त्यास 'जमिनीवरील सराव' असे म्हणता येईल. काही प्रशिक्षक 'कोरडा सराव' असेही म्हणतात आणि त्या शब्दातील नकळत आलेला उपरोध अनेकदा सार्थ ठरतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू या सरावाचे फायदे सांगण्याचा नाही. ते काम पाठ्यपुस्तकांनी वारंवार केले आहे. जमिनीवर मिळविलेले बळ पाण्यात उतरते, हे आपल्याकडे सिद्ध मानले जाते. ते कोणते बळ, किती प्रमाणात व कोणत्या क्षणी उतरते, हे तपासण्याची पद्धती मात्र आपण स्वीकारलेली नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. त्या मताची मांडणी येथे करावयाची आहे. चिकित्सेसाठी लोणावळा व मावळ हा परिसर निवडण्यामागे केवळ स्थानिक आस्था नाही. शरीरविषयक दाव्यांचे प्रयोगशाळेत मोजमाप करण्याची परंपरा महाराष्ट्रात ज्या मोजक्या ठिकाणी रुजली, त्यांत लोणावळ्याचे स्थान अग्रभागी आहे. त्या परंपरेच्या सावलीत राहून आपण मोजमापाविना शक्तिसराव शिकवीत असू, तर ती बाब विचार करण्याजोगी आहे.

'शक्ती' या शब्दाचा घोळ

चिकित्सेची सुरुवात शब्दापासून करावी लागते. शालेय भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकात 'बल' म्हणजे ओढणे अथवा ढकलणे, 'कार्य' म्हणजे बल व विस्थापन यांचा गुणाकार आणि 'शक्ती' म्हणजे कार्य करण्याचा दर, अशी स्वच्छ विभागणी असते. तोच विद्यार्थी शारीरिक शिक्षणाच्या तासाला येतो तेव्हा 'शक्ती', 'बल', 'ताकद', 'जोर' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. किंबहुना 'जोर' हा शब्द आपल्याकडे व्यायामाचेच नाव आहे. 'शंभर जोर काढले' असे म्हणताना ज्याची वाढ व्हावयाची ती गोष्ट व ती वाढविण्याचे साधन या दोहोंसाठी एकच शब्द येतो. तालमीत या संदिग्धतेने फारसे बिघडत नाही, कारण मल्लाला समोरच्या शरीरावर बल लावावयाचे असते आणि तेही जमिनीवर पाय रोवून. जलतरणपटूच्या पायाखाली जमीन नसते.

पाण्याची घनता हवेच्या सुमारे आठशे पट असते. पोहणाऱ्या शरीरास होणारा रोध स्थूलमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे तो रोध भेदून पुढे जाण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. याचा व्यावहारिक अर्थ असा की वेग एक टक्क्याने वाढवावयाचा झाल्यास शक्ती सुमारे तीन टक्क्यांनी वाढवावी लागते. आता हेच गणित उलट करून पाहू. समजा जमिनीवरील सरावाने एखाद्याची शक्ती तीस टक्क्यांनी वाढली व ती सर्वच्या सर्व पाण्यात उतरली, तर त्याचा वेग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढावयास हवा. ५० मीटर अंतर ३० सेकंदांत पोहणारा मुलगा तेच अंतर साडेसत्तावीस सेकंदांत पार करील. एका हंगामात अशी प्रगती झालेला सरावलेला जलतरणपटू कोणा प्रशिक्षकाने पाहिला असल्यास तो अपवादच म्हणावा लागेल. याउलट तीस टक्के अधिक वजन उचलू लागलेली मुले आपण दरवर्षी पाहतो. या दोन निरीक्षणांमधील तफावत हाच या विषयाचा गाभा होय. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर हा 'संक्रमणा'चा प्रश्न आहे.

या प्रश्नावरील गाजलेला प्रयोग १९९३ सालचा. तनाका, कॉस्टिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन पातळीवरील २४ जलतरणपटूंचे दोन सारखे गट केले. दोन्ही गटांचा पाण्यातील सराव सारखा होता. एका गटाने त्याखेरीज आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस वजनांचा सराव केला. हे व्यायामही पोहताना वापरल्या जाणाऱ्या स्नायूंना अनुसरून निवडले होते. वजने उचलण्याची क्षमता २५ ते ३५ टक्क्यांनी वाढली. पोहण्याच्या वेगात दोन गटांत सार्थ फरक आढळला नाही. येथे थांबून निष्कर्ष काढावयाचा तर जमिनीवरील सराव व्यर्थ ठरतो. काहींनी तसा तो काढलाही. परंतु २००७ साली जिरोल्ड व सहकाऱ्यांनी २१ जलतरणपटूंवर बारा आठवडे केलेल्या प्रयोगात, जमिनीवर वजनांचा सराव करणारा गट व पाण्यातच रबरी नळ्यांच्या ताणाविरुद्ध पोहणारा गट अशा दोन्ही गटांची ५० मीटरची वेळ सुमारे दोन ते तीन टक्क्यांनी सुधारली. म्हणजे संक्रमण होते, पण थोडे होते. आणि जमिनीवरील सराव हा त्याचा एकमेव मार्ग नाही.

तत्पूर्वी १९८२ साली शार्प, ट्रूप व कॉस्टिल यांनी 'स्विम बेंच' या उपकरणावर मोजलेली हातांची शक्ती व २५ यार्ड फ्रीस्टाइलचा वेग यांत ०.९० इतका सहसंबंध दाखविला होता. जमिनीवरील सरावाच्या समर्थनार्थ हा आकडा हटकून पुढे केला जातो. तथापि ज्या समूहात नवोदितांपासून निष्णातांपर्यंत सर्व दर्जाचे जलतरणपटू असतात, तेथे असा सहसंबंध मोठा येणे स्वाभाविक असते. सहावीतील मुलापासून पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत सर्वांची उंची व गणितातील प्रावीण्य मोजले, तर तेथेही सहसंबंध भरघोस येईल. उंची वाढविल्याने गणित सुधारते, असे त्यावरून कोणी म्हणणार नाही.

दंड, बैठक, मुद्गल व मल्लखांब

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरा समृद्ध आहे. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांत सिद्ध केलेला 'व्यायाम ज्ञानकोश' हा तिचा सर्वांत मोठा लिखित ठेवा. आपल्या महाविद्यालयांत यंत्रे नसली तरी दंड-बैठका आहेत, ही भूमिका म्हणूनच वारंवार घेतली जाते आणि ती रास्त आहे. पण तिचा विचार व्यायामागणिक करावयास हवा. 'देशी व्यायाम जलतरणास उपयुक्त' असे सरसकट विधान कोणाच्याही उपयोगाचे नाही.

बैठकीपासून आरंभ करू. जलतरणपटू संपूर्ण शर्यतीत घन पृष्ठभागास केवळ दोनच प्रसंगी रेटा देतो: आरंभीची उडी आणि भिंतीवरील वळण. ५० मीटर लांबीच्या तलावात १०० मीटर शर्यतीत एक उडी व एक वळण येते, २५ मीटरच्या तलावात एक उडी व तीन वळणे. या क्षणी तो जलचर नसतो, उडी मारणारा मनुष्य असतो आणि म्हणून पायांचे जमिनीवरील बळ येथे जवळजवळ थेट कामास येते. २०११ साली ब्रिटनमधील आंतरराष्ट्रीय दर्जाच्या जलतरणपटूंच्या अभ्यासात खांद्यावर वजन घेऊन बैठक मारण्याची ताकद व पहिल्या १५ मीटरची वेळ यांत ठळक सहसंबंध आढळला. अर्थात तोही सहसंबंधच आहे. पण येथे कार्यकारणाची यंत्रणा डोळ्यांना दिसते, जी शार्प यांच्या आकड्यात दिसत नव्हती. आपल्या पारंपरिक बैठका मात्र संख्येच्या मागे लागतात. पाचशे बैठका मारणारा मुलगा दमदार असतो. एकाच उसळीत शरीर ब्लॉकवरून फेकण्यास लागणारे वेगवान बल त्याने मिळविले आहे, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तेथे थोड्या, जड व जलद बैठका आणि उभी उडी यांची आवश्यकता आहे. संख्येचा मोह टाकणे आपल्या तालीम-संस्कृतीस अवघड जाते, हे मान्य करूनही तसे म्हणावे लागते.

दंडाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. दंड हा ढकलण्याचा व्यायाम आहे. त्यात छाती, खांद्याचा पुढील भाग व दंडामागील स्नायू कामास लागतात. पोहणाऱ्याचा हात पाणी पकडून शरीराला पुढे ओढतो. त्यात पाठीचे रुंद स्नायू व छातीचे स्नायू मुख्य भार वाहतात व खांदा आतील बाजूस फिरतो. हजारो वेळा हीच क्रिया घडल्याने जलतरणपटूचे छातीकडील, आत फिरविणारे स्नायू आधीच वरचढ झालेले असतात. पाठीमागील, फऱ्याला स्थिर ठेवणारे व खांद्यास बाहेर फिरविणारे स्नायू मागे पडतात. खांदे पुढे झुकलेले जलतरणपटू आपण सर्वांनी पाहिले आहेत. अशा मुलाकडून पुन्हा शेकडो दंड काढून घेणे म्हणजे तराजूच्या जड पारड्यातच भर टाकणे होय. खांदेदुखी ही जलतरणातील सर्वाधिक आढळणारी तक्रार असून तिची किंमत मुलगा मोजतो, प्रशिक्षक नव्हे.

एवढ्यावरून दंड बाद करणेही घाईचे ठरेल. आपला दंड आणि पाश्चात्त्य 'पुश-अप' या एक गोष्टी नव्हेत. दंडाच्या आरंभस्थितीत नितंब उंच, हात डोक्याच्या रेषेत पुढे व छाती मांड्यांकडे दबलेली असते. हात व धड यांचा हा सरळ कोन म्हणजे उडीनंतर पाण्याखाली सरकताना धरावयाच्या स्थितीचाच जमिनीवरील भाऊबंद आहे. शिवाय दंडात पाठीचा कणा लाटेसारखा खाली-वर होतो. बटरफ्लायच्या लयीशी त्याचे नाते कोणाही प्रशिक्षकाच्या लक्षात यावे. तेव्हा थोडे, सावकाश आणि आरंभस्थितीवर भर देऊन काढलेले दंड उपकारक ठरू शकतात. ते तसे ठरतात का, हे मोजून पाहण्याजोगे आहे. ते मोजल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

मुद्गल व मल्लखांब यांकडे जलतरणाच्या संदर्भात जितके लक्ष जावयास हवे तितके जात नाही, हे नवल आहे. हलके मुद्गल पाठीमागे फिरविताना खांदा पूर्ण कक्षेतून जातो व बाहेर फिरविणाऱ्या स्नायूंवर नियंत्रित ताण येतो. म्हणजे जो भाग दंडाने सुटतो, तो मुद्गलाने भरून निघण्याची शक्यता आहे. दोरीच्या मल्लखांबात संपूर्ण शरीर हातांनी वर ओढावे लागते. स्थिर आधारास धरून शरीर त्याच्याकडे नेणे, ही क्रिया फ्रीस्टाइलमधील हाताच्या कामाशी मिळतीजुळती आहे. आदर्श स्ट्रोकमध्ये हात पाण्यातून मागे जात नाही, शरीर हातावरून पुढे जाते, असे चांगले प्रशिक्षक सांगतात, ते याच अर्थाने. पुणे जिल्ह्यात मल्लखांबाचे शिक्षक मिळणे कठीण नाही. आपण मात्र लॅट-पुलडाउनचे यंत्र नाही म्हणून हळहळतो.

आपले शोधनिबंध

आता थोडे स्वकीयांविषयी. शारीरिक शिक्षणाच्या परिषदांत व महाविद्यालयीन नियतकालिकांत 'सहा आठवड्यांच्या अमुक व्यायामाचा जलतरणपटूंच्या शारीरिक सुदृढतेवर होणारा परिणाम' या धर्तीचे निबंध नेमाने येतात. कोणत्याही एका निबंधाचा येथे निर्देश नाही; हा साचाच तपासावयाचा आहे. साधारणतः तीसेक विद्यार्थी घेतले जातात, त्यांचे दोन गट होतात, एकास व्यायाम दिला जातो व दुसऱ्यास काहीच दिले जात नाही. पूर्व-चाचणी, उत्तर-चाचणी, 'टी' मूल्य, ०.०५ सार्थकता स्तर आणि अखेरीस परिकल्पनेचा स्वीकार. साचा निर्दोष दिसतो. दोष असतो तो चाचणीत.

या निबंधांतून ज्या चाचण्या वापरल्या जातात, त्या बहुधा १९५८ साली अमेरिकेत शालेय मुलांसाठी तयार झालेल्या 'आफर' युवा सुदृढता कसोटीतून अथवा तिच्या वंशजांतून घेतलेल्या असतात: पुल-अप, उठाबशा, उभी लांब उडी, शटल रन, ५० यार्ड धाव. यांपैकी एकही चाचणी पाण्यात होत नाही. उठाबशांचा सराव करविलेला गट उठाबशांच्या चाचणीत पुढे गेला, हे ज्ञान नव्हे. विषयाच्या नावात 'जलतरणपटू' हा शब्द असतो, निष्कर्षातही असतो. मधल्या पानांत पाणी कोठेच नसते.

जेथे पोहण्याची वेळ घेतली जाते, तेथे दुसरी अडचण उभी राहते. हाताने चालविलेल्या स्टॉपवॉचमध्ये दोन-तीन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. ३० सेकंदांच्या शर्यतीत आपण शोधीत असलेली सुधारणा, जिरोल्ड यांच्या आकड्यांनुसार, सहा ते नऊ दशांश सेकंदांची असेल. मोजण्याच्या चुकीचे प्रमाण मोजावयाच्या गोष्टीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे असताना एकाच प्रयत्नाची नोंद घेऊन सार्थकता काढणे धाडसाचे आहे. आणखी एक बाब. नवशिक्या विद्यार्थ्यांचा प्रायोगिक गट सहा आठवडे तलावावर येत राहिला, तर व्यायाम केला नाही तरी तो सुधारणारच. पाण्याची सवय, श्वासाची लय, हातापायांचा मेळ यांनी नवशिक्याची वेळ झपाट्याने उतरते. नियंत्रित गटास तेवढेच पोहणे दिल्याखेरीज श्रेय व्यायामाचे की पाण्याचे, हे ठरविता येत नाही. तनाका यांच्या प्रयोगाची थोरवी यातच आहे की दोन्ही गट तितकेच पोहले.

या निबंधांमागे पदोन्नतीच्या गुणांचे गणित असते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यावर हसणे सोपे आहे. परंतु असा निबंध वाचून एखादा तालुक्याचा क्रीडाशिक्षक आपल्या मुलांना रोज दोनशे दंड लावतो, तेव्हा ती बाब आपल्या सेवापुस्तिकेपुरती राहत नाही.

उदाहरणांचा उपयोगही आपण पुराव्यासारखा करतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रमासह भारतास पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण मिळवून दिले. सैन्यात ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग निकामी झाल्यावर उपचाराचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले. मुष्टियुद्धाने कमावलेले खांदे पाण्यात कामास आले, असे भाषणात सांगण्याचा मोह होतो. ते खरेही असू शकेल. पण एका असामान्य माणसाच्या आयुष्यातून सरावपद्धतीचा नियम निघत नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला व २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्यपदक मिळविले. १९८६ च्या सोल स्पर्धेतील खजान सिंग यांच्या रौप्यानंतर चोवीस वर्षांनी आलेले हे पदक होते. त्याच्या तयारीसाठी त्याला बंगळूरला जावे लागले, या गोष्टीतून आपल्या सुविधांविषयी बरेच शिकता येते, दंड-बैठकांविषयी काहीच नाही.

लोणावळ्याची परंपरा

स्वामी कुवलयानंद, पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, यांची घडण दोन प्रवाहांतून झाली. बडोद्यास राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले आणि मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून योगाचे. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली व त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. आसन-प्राणायामांविषयी परंपरेत जे सांगितले जाते, ते क्ष-किरण, रक्तदाबमापक व दाबमापक यांच्यासमोर मांडावयाचे, असा त्यांचा आग्रह होता. नौली करताना मोठ्या आतड्यात ऋण दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजून दाखविले व गुरूंचे नाव त्या आविष्कारास दिले. गुरूवरील श्रद्धा आणि दाबमापकाचा काटा यांत त्यांना विरोध वाटला नाही.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांची एक भूमिका महत्त्वाची आहे. आसनांचे प्रयोजन स्नायू फुगविणे हे नव्हे. योगिक व्यायाम व स्नायूंचे व्यायाम यांची जात वेगळी, असे ते प्रतिपादन करीत. माणिकरावांच्या आखाड्यातून आलेल्या माणसाने हे म्हणणे लक्षणीय आहे, कारण त्यास दोन्ही बाजू ठाऊक होत्या. आज मात्र 'योगाने जलतरणपटूची शक्ती वाढते' असे विधान लोणावळ्याचाच हवाला देऊन केले जाते. शलभासनाने पाठीचे उचलणारे स्नायू सशक्त होतात, पर्वतासनाने हात डोक्यावर सरळ नेण्याची कक्षा टिकते, गोमुखासनाने खांद्याचा ताठरपणा कमी होतो; हे सर्व जलतरणपटूस हितकारक आहे, आणि ते लवचिकतेचे व देहस्थितीचे हित आहे. त्यास शक्तिसराव म्हणणे म्हणजे कुवलयानंदांनी जी रेषा काळजीपूर्वक आखली, ती त्यांच्याच नावाने पुसणे होय.

याच संदर्भात एका धोक्याचा उल्लेख अपरिहार्य आहे. प्राणायामाने श्वास रोखण्याची क्षमता वाढते, म्हणून पाण्याखाली जाण्यापूर्वी कपालभातीसारखे जलद श्वसन करावे, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. हा सल्ला प्राणघातक ठरू शकतो. जलद श्वसनाने रक्तातील प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र घटतो. श्वास घेण्याची तीव्र इच्छा मुख्यतः कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे होते. ती सूचना उशिरा येते, तोवर प्राणवायू धोक्याच्या पातळीखाली गेलेला असतो आणि पोहणारा कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. उत्तम पोहणारे, तंदुरुस्त तरुणच यास अधिक बळी पडतात. चटईवर शिक्षकासमोर केलेले कपालभाती निर्धोक असेल; उडी मारण्यापूर्वी काठावर ते करू देऊ नये आणि पाण्यात एकट्याने कुंभकाचा अभ्यास कदापि करू नये. शर्यतीत उडी व वळणानंतर पाण्याखाली राहण्याची मर्यादा १५ मीटर आहे. तेवढ्यासाठी असल्या उपायांची गरजही नाही.

मावळातील वस्तुस्थिती

मावळात पाण्याची वाण नाही. खोपोलीच्या वीजनिर्मितीसाठी टाटांनी बांधलेले वळवण व लोणावळ्याचे जलाशय, पवनेचे धरण, इंद्रायणी, भुशी. पावसाळ्यात तर लोणावळ्यास चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. आयएनएस शिवाजी ही नौदलाची संस्थाही १९४५ पासून येथेच डोंगरावर आहे. तरीही पोहण्याच्या सरावासाठी मोजलेल्या लांबीचे, शांत व सुरक्षित पाणी सामान्य महाविद्यालयीन विद्यार्थ्यास सहजी मिळत नाही. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे संकुल पुण्याच्या वेशीवर आहे. लोणावळ्याहून लोकल व बस गाठून तेथे सकाळचा सराव करणे आणि पहिल्या तासाला वर्गात बसणे कोणास शक्य आहे? धरणाचे पाणी हा पर्याय नव्हे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणालगतच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला. दंडाचे बळ अशा लोंढ्यापुढे चालत नाही आणि जमिनीवरील सरावाने आलेला फाजील आत्मविश्वास तर घातकच.

गावांतील कित्येक मुले विहिरीत, कमरेला भोपळा अथवा पांगाऱ्याचे वाळके लाकूड बांधून पोहावयास शिकली. त्यांचे पाण्याशी नाते निर्भय असते, डोके वर असते व पाय खाली लोंबतात. या मुलांना वेग मिळवून देणारी पहिली गोष्ट शक्ती नसून शरीराची आडवी रेषा आहे. रोध कमी केला की त्याच बळात वेग वाढतो आणि घनाचा तो निष्ठुर नियम आपल्या बाजूने काम करू लागतो. सबब मावळातील महाविद्यालयात जमिनीवरील सरावाचा पहिला महिना वजनांचा नसून धड सरळ राखण्याचा, हात कानाला चिकटवून भिंतीशी उभे राहण्याचा, पालथे पडून हातपाय किंचित उचलण्याचा असावा, असे वाटते. पावसामुळे मैदान बंद असते तेव्हा सभागृहाचा एक कोपरा त्यास पुरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या खिडकीच्या गजास बांधून कोपर उंच ठेवून ओढण्याचा सराव फुकटात होतो. त्याच पट्ट्या कोपर कमरेशी ठेवून बाहेरच्या बाजूस ओढल्यास खांद्याच्या दुर्बल स्नायूंचाही व्यायाम होतो.

मोजमापासही फार खर्च येत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील तानकाटा, किंवा तो अपुरा पडल्यास बाजारात धान्य तोलण्याचा लटकता काटा, दोरीने तलावाच्या कठड्यास बांधून दुसरे टोक पोहणाऱ्याच्या कमरेस लावले, की पाण्यात तो प्रत्यक्ष किती ओढतो हे किलोग्रॅममध्ये वाचता येते. महिन्यातून एकदा, दहा सेकंद, तीन प्रयत्न. त्यासोबत उडीपासून १५ मीटरची वेळ, भिंतीला रेटा न देता पोहलेल्या २५ मीटरची वेळ व त्यातील हातांची संख्या, तीन घड्याळांनी. जमिनीवर ट्यूब ओढण्याची क्षमता वाढली पण तानकाट्याचा आकडा हलला नाही, तर संक्रमण झाले नाही. तानकाटा हलला पण २५ मीटरची वेळ तीच राहिली, तर बळ वाढले आणि रोधही वाढला, म्हणजे तंत्र बिघडले. तलाव महिन्यातून दोनदाच मिळत असला तरी एवढे होऊ शकते. त्यासाठी भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्याशी बोलावे लागेल, आणि बहुविद्याशाखीय नियतकालिकात लिहिताना त्यास हरकत नसावी.

विद्यार्थिनींचा प्रश्न वेगळा मांडावा लागेल. तलावाची वेळ, पोशाख, येण्याजाण्याची सोय, घरची परवानगी या कारणांनी अनेक मुलींसाठी सभागृहातील सराव हाच जलतरणाचा एकमेव हाती लागणारा भाग असतो. त्या नियमाने येतात, दंड-बैठकांच्या नोंदी वहीत भरतात आणि स्पर्धेच्या यादीत त्यांचे नाव नसते. त्यांच्यासाठी जमिनीवरील सराव उपयुक्त आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर कोणताही 'टी' मूल्याचा तक्ता देणार नाही, कारण मोजावयाचे ते पाण्यात आणि पाणी त्यांना मिळालेले नसते. आठवड्यातून एक तास, महिला प्रशिक्षकासह, जवळच्या एखाद्या खासगी वा संस्थेच्या तलावात राखून घेणे हे प्राचार्य व क्रीडासमितीच्या अधिकारातील काम आहे. पुढील शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात त्या तासाचे भाडे आणि एका बसचे डिझेल एवढ्याच दोन नोंदी त्यासाठी लागतील.